पुरुषभर पाणी आणि सरकता फ्लोट

तंजावरला पोस्टिंग आली की मराठी अधिकाऱ्याला दोन कामं आपोआप मिळतात. एक, फोनवर प्रत्येक नातेवाइकाकडून सांबार आणि संभाजीराजांची तीच गोष्ट नव्याने ऐकून घेणं. दोन, आलेल्या पाहुण्यांना बृहदीश्वराच्या देवळात नेऊन सरफोजीराजांनी १८०३ साली भिंतीवर मराठीत कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास दाखवणं. दोन्ही मी केली, अजून करतो. पण हा लेख त्याबद्दल नाही. हा मासे गरवण्याबद्दल आहे, आणि त्यातही बोटभर लांबीच्या एका वस्तूबद्दल.

घाटावरच्या मंडळींसाठी खुलासा: आमच्या कुडाळकडे गळ टाकून मासे धरण्याला ‘गरवणं’ म्हणतात आणि गळाला ‘गरी’. भंगसाळ नदीच्या काठावर मी हे शिकलो, पोहायला शिकण्याच्याही आधी. पुढे खडकवासल्याला अकादमीत तीन वर्षं पीकॉक बेचं पाणी रोज डोळ्यासमोर होतं, पण तिथे आम्हाला त्या पाण्यात शिडाची होडी हाकायची होती. काठावर बसायला वेळ कोणी देत नसे. त्यानंतर जिथे पोस्टिंग, तिथे ट्रंकेच्या तळाशी एक सात फुटी रॉड आणि जुनं रीळ, एवढं कायम राहिलं.

इथे मी एनसीसीच्या नेमणुकीवर २०२४ च्या मे महिन्यात आलो. फौजेतल्या वाचकांना यावरून पुढचं समजलंच असेल. नंबर थ्री बोर्डात तिन्ही वेळा माझं नाव आलं नाही, म्हणजे लेफ्टनंट कर्नल हाच माझा शेवटचा हुद्दा. मुलगा बारावीला, म्हणून कुटुंब पुण्यात. संध्याकाळी साडेपाचनंतर करण्यासारखं काही नाही.

आता पाण्याबद्दल, कारण त्याशिवाय फ्लोटचं महत्त्व कळणार नाही. कल्लणै, ज्याला इंग्रज ग्रँड अॅनिकट म्हणत, तिथे कावेरीचे फाटे होतात: मूळ कावेरी, वेण्णार, कोळ्ळिडम आणि १९३४ साली मेट्टूर धरणाबरोबर आलेला कालवा. तो कालवा तंजावर शहरातूनच जातो आणि लोक त्याला अजून ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी, म्हणतात. शहरातून तिरुवैयारूला जाणाऱ्या तेरा किलोमीटरच्या रस्त्यावर एकामागून एक पाच नद्या ओलांडाव्या लागतात. पण या सगळ्यांचा नळ दूर मेट्टूरला आहे. रिवाजाप्रमाणे मेट्टूरचे दरवाजे १२ जूनला उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात. २०२२ मध्ये ते २४ मेलाच उघडले होते. २०२४ मध्ये, म्हणजे माझ्या पहिल्याच वर्षी, धरणात पाणी नव्हतं म्हणून १२ जून कोरडाच गेला. वेण्णार म्हणजे वाळूचा रुंद रस्ता आणि मध्ये मध्ये डबकी. कालव्याच्या भरवशावर असलेल्या शेतांत कुरुवैची, म्हणजे जूनच्या हंगामाची, लावणी झाली नाही. मग कर्नाटकात पाऊस झाला, २८ जुलैला दरवाजे उघडले, आणि दोनच दिवसांत धरण १२० फुटांच्या पूर्ण पातळीला लागलं. जिथे जूनमध्ये मी बूट न भिजवता चालत गेलो होतो, तिथे ऑगस्टमध्ये दहा-अकरा फूट पाणी.

म्हणजे इथे गरवणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘मासा कुठला?’ हा नसतो. ‘आळम एव्वळवु?’ हा असतो. खोली किती? तमिळमध्ये खोलीला ‘आळम’ आणि माणसाला ‘आळ’. दोन वेगळे ळ आहेत, पण आपल्या कानाला एकच ऐकू येतात. त्यामुळे ‘ओरु आळ आळम’ हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं म्हातारा अडखळतोय. अर्थ होता एका माणसाइतकी खोली. आपण ‘पुरुषभर पाणी’ म्हणतो, तेच.

हा म्हातारा म्हणजे मद्रास रेजिमेंटचे एक निवृत्त नायब सुभेदार. आमच्या ऑफिसातला एक इन्स्ट्रक्टर हवालदार त्यांच्याच पलटणीचा. पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर जीवन प्रमाणपत्र भरायला तो त्यांना घेऊन आला होता. साठी उलटलेली, अंगाने काटक, आणि दीड वर्षापूर्वी उजव्या बाजूवरून वारं गेलेलं. पाय बराचसा परत आला होता, हात आला नव्हता. बोटांत पकड होती, पण खांद्यातून हात उचलत नव्हता. बरोबर त्यांच्या बायको होत्या, ज्यांना सगळे अम्मा म्हणतात, मीही म्हणतो. साहेब अंगठा देत असताना त्यांनी मला हवालदाराकरवी सांगितलं की ते आता घराबाहेर पडत नाहीत. घर वेण्णारच्या काठावर, रोज संध्याकाळी नदीवर जाणारा माणूस, आणि आता तोंड भिंतीकडे करून पडून राहतो.

मी विचारलं, नदीवर काय करायचे? हवालदार म्हणाला, ‘तूंडिल, सर.’ म्हणजे गळ.

साहेबांचा गळ म्हणजे चौदा फुटी बांबू, तेवढीच दोरी आणि तिला पक्का बांधलेला तरंगता तुकडा. त्याला तमिळमध्ये ‘तक्कै’ म्हणतात. आपल्याकडेही गावोगाव हीच पद्धत. तिची अडचण सरळ हिशोबाची आहे. फ्लोट दोरीला पक्का बांधला, की गळ जितका खोल हवा तितकी दोरी फ्लोटच्या खाली लोंबत राहते. आठ फूट खोली हवी तर आठ फूट दोरी हवेत झुलवत फेकायची. म्हणून बांबू लांब लागतो, आणि लांब बांबूला दोन धडधाकट हात लागतात. आखूड रॉडने ते जमत नाही.

यावर उपाय जुना आहे आणि जगभर वापरला जातो: सरकता फ्लोट. फ्लोट दोरीला बांधायचाच नाही. त्याला आरपार भोक, त्यातून दोरी मोकळी पळते. जेवढी खोली हवी तेवढ्या अंतरावर वर दोरीला एक छोटीशी गाठ मारायची. दोरी गुंडाळली की फ्लोट घसरत खाली शिशापाशी येतो आणि रॉडच्या टोकाला फक्त हातभर दोरी लोंबते. मनगटाच्या एका झटक्यात फेकता येतं. पाण्यात पडलं की शिसं खाली जातं, दोरी फ्लोटमधून सरसरत पळते, गाठ येऊन फ्लोटला अडते आणि फ्लोट उभा राहतो. गळ बरोबर ठरवलेल्या खोलीवर. खोली दहा फूट असो की वीस, फेकायचं तेवढंच.

म्हणजे एका हाताच्या माणसाला हे जमायला हवं होतं.

विकतचे फ्लोट मिळतात, पण तंजावरला ते विकत घेणं म्हणजे नाशिकला द्राक्षं परगावाहून मागवण्यासारखं. इथे ‘नेट्टी’चं काम चालतं. तळ्यांत वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या पांढऱ्या, फुलासारख्या हलक्या गाभ्यातून कारागीर मोठ्या देवळाच्या प्रतिकृती कोरतात. काचेच्या पेटीतलं ते देऊळ तुम्ही कोणाच्या तरी दिवाणखान्यात पाहिलं असेल. त्याला २०२० मध्ये जीआय मानांकन मिळालं. मी पहिल्यांदा तो गाभा हातात घेतला आणि ओळखला. अहो, हे भेंड! ज्याची आपल्याकडे बाशिंगं करतात ते. (कोकणात भेंडीचं झाड म्हणतात ते वेगळं, गल्लत नको.) साहेबांच्या सोला टोप्यासुद्धा याच जातीच्या गाभ्याच्या, ‘सोला’ हे त्या झाडाचं नाव, उन्हाशी त्याचा संबंध नाही. ज्या गाभ्याने एकेकाळी फौजेचं डोकं थंड ठेवलं, त्याचे कोरीव कामातून उरलेले तुकडे एका कारागिराने मला मूठभर फुकट दिले. वर विचारलं, कर्नल सार देऊळ बनवणार का?

कृती थोडी सविस्तर सांगतो, कारण करून बघणारे वाचक आहेत हे मला ठाऊक आहे.

भेंडाचा तुकडा ब्लेडने तासून जाड पेन्सिलीइतका, बोटभर लांब करायचा. दाबायचं नाही, तासायचं. मधून गरम सुईने भोक. पण भेंड इतकं मऊ की ओली दोरी त्याला करवतीसारखी कापत जाते, म्हणून आत नळी हवी. बॉलपेनची संपलेली रिफिल यासाठी उत्तम. शाई धुऊन काढा, फ्लोटपेक्षा जरा लांब कापा आणि दोन्ही टोकं मेणबत्तीवर क्षणभर धरून गुळगुळीत करा. मग सगळ्या फ्लोटला वितळलेल्या मेणाचा हात द्यायचा, नाहीतर भेंड तासाभरात पाणी पितं. वरच्या टोकाला लाल नेलपॉलिश. संध्याकाळच्या तांबूस पाण्यावर पिवळा जास्त चांगला दिसतो, पण अम्मांकडे लालच होतं.

गाठ ही यातली खरी गोम. ती मुख्य दोरीची नसते, वेगळ्या दोऱ्याची असते. नायलॉनच्या दोरीवर नायलॉनची गाठ घसरते, म्हणून बटणं शिवायचा जाड दोरा घ्यायचा. त्याचा फास करून मुख्य दोरीभोवती आतून चार-पाच वेढे द्यायचे, थुंकीने ओला करायचा आणि दोन्ही टोकं सावकाश ओढायची. गाठ इतकी घट्ट हवी की नखाने ढकलली तर सरकेल, आपली आपण सरकणार नाही. टोकं अगदी मुळाशी कापायची नाहीत, सेंटिमीटरभर ठेवायची. ती मऊ टोकं रॉडच्या कड्यांतून वाकून निघून जातात. आखूड खुंट राहिला तर तोच कडीत अडतो.

गाठीच्या खाली मणी. गाठ रॉडच्या कड्यांतून जाण्याइतकी बारीक असते, म्हणजे रिफिलच्या भोकातूनही ती निघून जाणार. तिला अडवायला मणी हवा, आणि त्याचं भोक गाठीपेक्षा लहान हवं. प्लॅस्टिकच्या माळेतल्या मण्यांची भोकं मोठी असतात. दिवाळीत बायको इथे आली होती, तिची पोत तुटली. तिने ते काळे मणी डबीत भरून माझ्या हवाली केले. पाव मिलिमीटरच्या दोरीला काळ्या मण्यासारखा मणी नाही. त्याखाली फ्लोट, मग दुसरा मणी, चार ग्रॅम शिसं, आणि त्याखाली वीतभर दोरीवर गळ. शिसं कमी पडलं तर दोरी फ्लोटमधून ओढली जात नाही आणि फ्लोट पाण्यावर आडवा पडतो.

पण फ्लोट आडवा पडण्याचं आणखी एक कारण असतं, आणि ते कामाचं आहे. शिसं पुरेसं असूनही फ्लोट आडवा पडला, तर शिसं तळाला टेकलं आहे. गाठ खाली घ्या, फ्लोट उभा राहीपर्यंत. ज्या ठिकाणी तो जेमतेम उभा राहतो, ती तुमची खोली. मग तिथून ठरवायचं. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या थरात. तिलापिया, ज्याला इथे ‘जिलेबी’ म्हणतात, काठाजवळ कमरेइतक्या पाण्यातसुद्धा येतो. आमिषाला गांडूळ, किंवा शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा एकत्र मळून.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी हे सगळं घेऊन साहेबांच्या घरी गेलो. आमची बोली म्हणजे फौजेची हिंदी, जी कूपवाड्यापासून कन्याकुमारीपर्यंत सारखीच वाईट असते. त्यांनी रीळ बघून तोंड वाकडं केलं. ‘सर, ये मशीन का काम, मच्छी पकड़ना नहीं.’ मग फ्लोट हातात घेतला, डाव्या हाताच्या अंगठ्याने चाचपला, आणि म्हणाले, ‘नेट्टी?’ त्यांचे वडील तक्कै नेट्टीचाच करायचे. पुढचा अर्धा तास मी काहीच बोललो नाही, तेच बोलत होते.

नदीवर न्यायला मात्र आणखी चार दिवस लागले. ते लोकांसमोर लंगडत जायला तयार नव्हते. शेवटी अम्मांनीच खुर्ची उचलली आणि त्या पुढे चालू लागल्या.

जागा रेग्युलेटरपासून बरीच खाली, जुन्या दगडी बांधकामाच्या आडोशाला, जिथे धार बाजूने निघून जाते आणि पाणी संथ फिरतं. (रेग्युलेटरच्या अगदी खाली कधी बसू नका, दरवाजे कधी वर होतील सांगता येत नाही. आणि गावतळ्यांवर मासेमारीचा लिलाव झालेला असतो. ठेकेदाराला विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नये. देवळाच्या तळ्यांचं तर नावच नको.) रिळाचा दांडा मी डाव्या बाजूला बदलून घेतला होता. जमिनीत एक बेचकं रोवलं. साहेबांनी डाव्या हाताने रॉड धरून झटका द्यायचा, मग रॉड बेचक्यात टेकवून त्याची मूठ उजव्या काखेत दाबायची आणि डाव्या हाताने रीळ फिरवायचं. पहिला झटका पायाशी पडला. दुसरा झुडपात. तिसरा पंधरा फुटांवर, जिथे हवा तिथे. दोरी सरसरत गेली, लाल टोक डुचमळलं आणि उभं राहिलं.

खरी अडचण पुढे होती. सरकत्या फ्लोटमध्ये रॉडपासून फ्लोटपर्यंत दोरी आडवी आणि फ्लोटपासून गळापर्यंत उभी असते, म्हणजे मध्ये कोपरा. मासा लागला की आधी ढिली दोरी गुंडाळायची आणि मग हिसका द्यायचा. दोन हातांच्या माणसाला हे एका दमात जमतं. साहेबांना रीळ सोडून रॉड धरेपर्यंत जिलेबी आमिष खाऊन निघून जायची. दोन संध्याकाळी हेच. तिसऱ्या दिवशी मी आत वळलेल्या टोकाचे गोल गळ आणले. त्यांना हिसका लागत नाही. दोरी नुसती सावकाश ताणत नेली की गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. उलट हिसका दिला तर सुटतो. साहेबांनी स्वतःची ड्रिल बसवली: फ्लोट गेला की तोंडाने ‘ओण्णु, रेण्डु, मूणु’, आणि मग न थांबता रीळ.

त्या संध्याकाळी तळहाताएवढ्या चार जिलेब्या आणि एक पाऊण किलोचा रोहू लागला. रोहू ओढताना काखेतला रॉड निसटू लागला, आणि त्यांनी उजव्या हाताने तो धरला. हात वर उचलला नाही, पण धरला. अम्मा माझ्याकडे बघत होत्या. मी फ्लोटकडे बघत राहिलो. मासे त्यांनी घरी नेले, मला माझ्या वाटणीचं कोळंबु डब्यात मिळालं, आणि ते इतकं तिखट होतं की रात्री दोनदा उठून पाणी प्यालो.

पुढे फिजिओथेरपिस्टने त्यांना रीळ फिरवायचा व्यायाम सुरू ठेवायला सांगितलं, फक्त दांडा आठवड्यातून दोन दिवस उजवीकडे. तो त्यांना अजून नीट जमत नाही. त्या दोन दिवशी ते कोणाला जवळ येऊ देत नाहीत.

डिसेंबरमध्ये एकदा त्यांनी मला सरळ विचारलं, ‘साब, कर्नल रँक कब?’ निवृत्त जेसीओ हे विचारू शकतो, चालू नोकरीतला विचारणार नाही. मी म्हटलं, नाही होणार साहेब, तिन्ही बोर्ड झाले. त्यांनी मान हलवली. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, ‘सर, आपका फ्लोट लेटा है.’ खरंच आडवा पडला होता. त्या आठवड्यात पाणी उतरलं होतं. मी गाठ वीतभर खाली घेतली.

२८ जानेवारीनंतर वेण्णार झपाट्याने उतरते. दर चार दिवसांनी गाठ सरकवावी लागते, दोरा नखाने झिजतो, आणि पंधरा दिवसांत नवी गाठ मारायची वेळ येते. साहेब आता ती स्वतः मारतात, एक टोक दातांत धरून. काल त्यांचा फोन आला. लाल दोरा संपला आहे, काळा चालत नाही कारण संध्याकाळी दिसत नाही. पुण्याहून येणाऱ्या पार्सलमध्ये दोन रिळं मागवली आहेत.